जहाज सुटण्यापूर्वीचे मुखदर्शन

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण जळोचीहून पहाटे अडीच वाजता निघालो. मुंबईच्या बंदरातून गोव्याकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजाची तिकिटे आम्ही काढली होती. जळोची हे बारामतीला लागून असलेले, आता शहराच्या हद्दीतच मोडणारे गाव. येथल्या माणसाची पाण्याशी ओळख कालव्याची, विहिरीची आणि बोअरची. कऱ्हेला पूर आला तर ती बातमी होते. मुंबई येथून सुमारे अडीचशे किलोमीटर. सातांपैकी चौघे महाविद्यालयात साहित्य शिकवणारे, दोघे घरचे, आणि सातव्या आमच्यातल्या एकाच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सगळेच काकू म्हणतो.

जहाजावरच्या दिवसांविषयी येथे फारसे लिहायचे नाही. त्यांचे वर्णन जहिरातीत असते, आणि ते बरेचसे खरेही असते. आम्हांला लिहायचे आहे ते जहाजात चढण्यापूर्वीच्या पाच-सहा तासांविषयी. तिकिटावर चढण्याची वेळ दुपारी साडेबारा ते अडीच अशी छापली होती, जहाज साडेचारला सुटणार होते, आणि आमची गाडी सकाळी आठच्या सुमारास मुंबईत शिरणार होती. मधल्या वेळाचे काय करायचे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. पण काय पाहायचे, किती पाहायचे आणि एखादे स्थळ आपण 'पाहिले' असे कोणत्या अधिकाराने म्हणायचे, हे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. आणि प्रवासवर्णन नावाचा जो वाङ्मयप्रकार आपण वर्गात शिकवतो, तो ह्याच तीन प्रश्नांवर उभा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्यात तीन पक्ष पडले. पहिला पक्ष यादीवाल्यांचा. गाडी ठरवून देणाऱ्याने एक छापील कागद दिला होता. त्यावर सिद्धिविनायकापासून गेटवेपर्यंत सात स्थळे आणि प्रत्येकापुढे मिनिटे लिहिलेली होती. "आलोच आहोत तर होऊन जाईल," हे ह्या पक्षाचे ब्रीद. दुसरा पक्ष घारापुरीचा. त्याचे म्हणणे असे की सात ठिकाणी नुसते उतरण्यापेक्षा एकच थोर गोष्ट पाहावी. तिसऱ्या पक्षात एकच सभासद होता, आणि तो म्हणत होता की काहीही पाहू नये, थेट धक्क्यावर जाऊन बसावे. "जहाज म्हणजे एसटी नाही, हात दाखवला की थांबायला," हे त्याचे वाक्य आम्ही आठवडाभर ऐकले.

घारापुरीचा प्रस्ताव गणितात बसला नाही. गेटवेहून लाँच सुटायला सकाळचे नऊ वाजतात, जायला सुमारे तास, यायला तास, मग धक्क्यापासूनची चाल आणि पायऱ्यांची चढण. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ती लेणी आणि तो भव्य त्रिमुख सदाशिव पाहण्यासाठी हाती अर्धा तास उरला असता, तोही घड्याळाकडे पाहण्यात गेला असता. जे पाहण्यासाठी स्वतंत्र दिवस काढला पाहिजे, ते दोन कामांच्या फटीत कोंबू नये, एवढे आम्हांला समजले. हा त्या आठवड्यातला आमचा एकमेव शहाणा निर्णय. बाकी पाचांनी यादीच्या बाजूने कौल दिला.

ह्या चर्चेत काकू एवढेच म्हणाल्या, "मला बाकी काही नको. भाऊचा धक्का तेवढा दाखवा." यादीत भाऊचा धक्का नव्हता. मासळीच्या बाजारात काय पाहायचे, असे कोणीतरी म्हणाले, आणि आम्ही हसलो. "बघू, वेळ उरला तर जाऊ," असे त्यांना सांगितले. उरलेल्या वेळातूनही जो वेळ उरेल, तो काकूंचा!

बंदरावरचा हा मधला वेळ मराठी माणसाला नवा नाही. फक्त त्याचे वजन बदलले आहे. १८८३ साली दोन मराठी स्त्रिया समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या, आणि पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला. समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, असे मानणाऱ्या समाजाच्या डोळ्यांदेखत ही पाऊले उचललेली होती. त्या पाऊलाआधीच्या तासांत कोणी प्रेक्षणीय स्थळांची यादी केली असेल असे वाटत नाही. धक्का हाच त्यांच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड प्रदेश होता. पलीकडचा देश त्यानंतर.

साहेबाचा मधला वेळ निराळा. बॅलार्ड पियरला विलायतेची टपालबोट लागे, आणि धक्क्यालाच आगगाडीचे स्थानक होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात तेथूनच उत्तरेकडे निघे. बोटीतला प्रवासी थेट गाडीत चढे. मध्ये मुंबई नावाचे शहर आहे, हे त्याला कळण्याचे कारणच उरत नसे. ह्याउलट मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत ह्याच बंदरात उतरला, येथे काही दिवस राहिला, आणि पुढच्या वर्षी निघालेल्या 'फॉलोइंग द इक्वेटर' ह्या पुस्तकात त्याने मुंबईला प्रकरणेच्या प्रकरणे दिली. एकाच बंदरातून माणसे अशी दोन तऱ्हांनी जात होती. आज बॅलार्ड पियरला प्रवासी जहाजांसाठी नवे टर्मिनल उभे आहे आणि अलीकडे मुंबईहून देशी प्रवाशांसाठी मोठ्या जहाजाच्या सफरी निघू लागल्या आहेत. बारामती-इंदापूरकडची माणसेही आता त्यांत दिसतात. म्हणजे हा मधला वेळ आता आपल्याही वाट्याला आला आहे, आणि तो कसा घालवायचा ह्याचा विचार आपल्यालाच करायचा आहे.

आता त्या दिवसाचा हिशेब. आठ वाजता प्रभादेवी. रांग पाहून आम्ही बाहेरूनच हात जोडले. हाजी अली गाडीच्या काचेतून. हँगिंग गार्डनला पंचवीस मिनिटे, त्यांतली दहा स्वच्छतागृह शोधण्यात. मरीन ड्राइव्हला गाडी उभी करू देईनात, म्हणून ती सावकाश चालवली. साडेअकराला गेटवे. तेथे मात्र आम्ही सगळे उतरलो आणि फोटो काढले. ते फोटो आम्ही नंतर नीट पाहिले. आम्ही सातही जण त्यांत आहोत, कबुतरे आहेत, आणि गेटवेचा एक खांब आहे.

आम्हांला स्वतःविषयी वाटलेली लाज येथे नोंदवली पाहिजे. ही कमान १९११ साली आलेल्या राजाराणीच्या स्वागताची आठवण म्हणून बांधायला घेतली, ती पुरी झाली १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी ह्याच कमानीखालून परत गेली. स्वागतासाठी उभारलेली वास्तू निरोपासाठी लक्षात राहावी, ह्या विरोधाभासावर आमच्यापैकी एकाने वर्गात अर्धा तास व्याख्यान दिलेले आहे. स्वतः निरोप घेऊन जहाजात चढायला निघालेले आम्ही चार प्राध्यापक त्या कमानीखाली उभे होतो, आणि चौघांपैकी एकालाही ते आठवले नाही. आम्ही पुढच्या स्थळाची मिनिटे मोजत होतो. घाईने स्मरणशक्ती जाते असे नाही. पण आठवायला जी थोडी उसंत लागते, ती जाते.

जेवणे होईतो एक वाजला. यादीत अजून दोन स्थळे होती. तिसऱ्या पक्षाचे गृहस्थ म्हणाले, "आता सरळ धक्क्यावर चला." काकू काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर कदाचित आम्ही समजूत घातली असती. त्या गप्प बसल्या, म्हणून त्यांच्या मुलाने ड्रायव्हरला गाडी भाऊच्या धक्क्याकडे घ्यायला सांगितले.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ ह्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाशांसाठी धक्का बांधला, त्यांच्या नावाने हा धक्का ओळखला जातो. आज तेथे मासळी उतरते, रेवसच्या लाँची सुटतात आणि २०२० पासून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट ये-जा करते. एके काळी कोकणात जाणाऱ्या आगबोटी येथून निघत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट येथूनच सुटली होती. काशाच्या खडकाजवळ ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. त्या गजबजाटात एवढा मोठा आकांत आपल्या लिहिण्यात फारसा उतरलाच नाही.

काकूंचे माहेर जयगडच्या खाडीकडचे. लग्न होऊन त्या घाटावर आल्या आणि जळोचीच्या झाल्या, त्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी आधी पदर नाकाला लावला, मग काढला. पाच-सात मिनिटे त्या इकडेतिकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यांना हवी असलेली पायरी सापडत नव्हती. मग त्या आपणहून सांगू लागल्या. वैशाखात वडिलांबरोबर गावी जायचे. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. बोट लागली की आधी एकाने धावत जाऊन डेकवर चटई पसरायची, म्हणजे घरच्यांची जागा धरली. रात्रभर इंजिनाची धडधड पाठीला लागायची. बंदर आले तरी बोट धक्क्याला लागत नसे; ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्याहून पडाव येई, आणि खलाशी लहान मुलांना उचलून खाली पडावात देत. "त्यानं मला उचललं ना, की मी डोळे मिटून घ्यायची. आई म्हणायची, मिटू नकोस, बघ. एवढंच तर बघायचं असतं." आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्या घरात निघायच्या आदल्या दिवशी रामदासचं नाव कुणी काढायचं नाही."

काकूंना आम्ही वीस वर्षे ओळखतो. त्या बोटीने प्रवास केलेल्या आहेत, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. जळोचीत त्यांना ते कोणी विचारलेच नव्हते. घाटावरच्या घरात त्याला संदर्भ नव्हता. त्या पंचवीस मिनिटांत आम्ही एकही फोटो काढला नाही. आणि त्या दिवसातले आम्हांला धडपणे आठवते ते तेवढेच.

परतताना ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. चार किलोमीटरांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला आणि दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही टर्मिनलच्या दारात सामान उतरवले. दार बंद व्हायला दहा मिनिटे होती. तिसऱ्या पक्षाचे गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच आम्हांला जास्त लागले. कारण त्यांचे म्हणणे बरोबरच होते. जहाज सुटले असते तर सात जणांचे पैसे, रजा आणि उत्साह सगळेच धक्क्यावर राहिले असते, आणि काकूंची आठवण कितीही मोलाची असली तरी त्या दोषाचा भार अखेर त्यांच्यावरच पडला असता. वास्तविक उशीर काकूंच्या धक्क्याने झालाच नव्हता. तो आधीच्या पाच स्थळांनी झाला होता. पण हिशेबात शेवटच्या माणसाचे नाव येते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की निष्कर्ष उघड आहे: घाईचे पाहणे वाईट, सावकाश पाहणे चांगले. आमचे मत तसे नाही. आमच्याच भागातली दोन उदाहरणे ह्या सोप्या निष्कर्षाच्या आड येतात.

पहिले उदाहरण भिगवणचे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पुण्याहून माणसे पहाटे निघतात, होडीतून पक्षी पाहतात, मासळीचे जेवण जेवतात आणि दुपारी परत जातात. येथे पाहुणे तेही असतात आणि यजमान आपण. त्या पाहुण्यांना वेळ असतो. दोन-दोन तास ते होडीत बसून असतात. पण १९८० साली पुऱ्या झालेल्या ह्या धरणाच्या पाण्याखाली गावे गेलेली आहेत. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली आहे आणि पाणी ओसरले की ते वर येते. होडी वल्हवणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक असते. आम्ही अनेकदा त्या होड्यांतून गेलो आहोत, आणि "खाली काय आहे?" हा प्रश्न विचारणारा पाहुणा क्वचितच पाहिला. तेव्हा भरपूर वेळ असला म्हणजे पाहणे घडते, असे नाही.

दुसरे उदाहरण ह्याच्या नेमके उलट. तुकोबांची पालखी आषाढीच्या वाटेवर बारामतीला एक रात्र मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पालखी सणसरकडे जाते. वारकऱ्याला बारामती मिळते ती एक संध्याकाळ आणि एक रात्र. तेवढ्यात तो काय पाहतो? मोरोपंतांचे हे गाव, त्यांनी आयुष्याचा मोठा भाग येथे घालवला आणि १७९४ साली येथेच देह ठेवला, हे त्याच्या गावीही नसेल. पण कोणत्या ओट्यावर पाठ टेकता येते, कोणत्या घरी पिठले-भाकरी मिळते, त्या घरातली म्हातारी मागच्या वर्षी आजारी होती ती आता कशी आहे, हे तो विचारतो. वर्षातून एक रात्र, पण त्या रात्रीला माणसाचे नाव असते. वेळ थोडा आहे म्हणून ओळख खोटी ठरत नाही.

ह्याच वाटेच्या शेवटी पंढरपुरात आपल्या परंपरेने ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, असे आम्हांला वाटते. तेथे दोन रांगा असतात. एक पदस्पर्शदर्शनाची, तिला आषाढीला तासन्‌तास लागतात. दुसरी मुखदर्शनाची, त्यात दुरून मुख पाहायचे आणि पुढे सरकायचे. ज्याला तेही जमत नाही, तो चंद्रभागेत स्नान करून कळसाचे दर्शन घेतो आणि परतीची वाट धरतो. कळस पाहून परतलेल्या माणसाची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. मात्र तो माणूसही घरी जाऊन "मी पायांवर डोके ठेवले" असे सांगत नाही. ह्या व्यवस्थेतला प्रामाणिकपणा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. दर्शनाच्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला नाव आहे, आणि आपण कोणत्या पायरीवर होतो ते सांगण्यात कमीपणा नाही.

जहाज सुटण्यापूर्वीचे पाहणे हे मुखदर्शन आहे. त्याला मुखदर्शन म्हटले की अनेक गोष्टी आपोआप जागेवर बसतात. मुखदर्शन एका वेळी एकाच देवाचे होते, सातांचे होत नाही. म्हणून स्थळ एकच निवडावे. ते धक्क्यापासून जवळ असावे, आणि हाती असलेल्या वेळापैकी अर्धा वेळच त्याला द्यावा, कारण उरलेला अर्धा रस्त्याचा असतो. मुंबईतच असाल तर फोर्टातली एशियाटिक सोसायटीची पायरी आहे, वस्तुसंग्रहालयातले एखादे दालन आहे. ह्यांपैकी कोणतेही एक. आणि शक्य असेल तर त्या स्थळाचा पुढच्या प्रवासाशी किंवा सोबतच्या माणसाशी काही धागा असावा. आमच्या यादीतल्या सातही स्थळांचा आमच्यापैकी कोणाशी काही धागा नव्हता. ज्या स्थळाचा होता, ते यादीत नव्हते.

आमच्या एका मित्राने हे ऐकून आक्षेप घेतला, तो येथे मांडला पाहिजे. तो म्हणाला, 'मुखदर्शन' हा शब्द तुम्ही वरवरच्या पाहण्याला सोवळे नेसवण्यासाठी वापरता आहात. वारकऱ्याचे क्षणभराचे दर्शन भरलेले असते, कारण त्यामागे पंधरा-वीस दिवसांची चाल आणि जन्मभराचे अभंग असतात. प्रवाशाच्या मागे काय असते? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांला काकूंकडूनच मिळाले. त्यांच्यामागे साठ-पासष्ट वर्षे होती. आमच्यामागे गेटवेच्या बाबतीत निदान एक व्याख्यान होते, पण ते आम्ही घरी ठेवून आलो होतो. थोड्या वेळाचे पाहणे भरलेले असायचे असेल तर त्याची तयारी आधी झालेली असली पाहिजे. तेथे गेल्यावर माहितीचा फलक वाचून ती होत नाही. तेव्हा साहित्याच्या माणसाला हे पाहणे सगळ्यांत सोपे जायला हवे. त्याचे सगळे आयुष्य न पाहिलेल्या स्थळांविषयी वाचण्यातच गेलेले असते.

आणि यजमानाची बाजूही विसरता येत नाही. जहाजांतून उतरणाऱ्या काही तासांच्या पाहुण्यांनी व्हेनिससारखे शहर इतके टेकीला आले की ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तेथल्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली, आणि २०२४ साली ठरावीक दिवशी येणाऱ्या एकदिवसीय पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसले. भिगवणच्या होडीवाल्याला शुल्क बसवण्याचा अधिकार नाही. त्याने एवढीच अपेक्षा करावी की कोणीतरी "खाली काय आहे?" असे विचारील.

आता आमच्या धंद्याविषयी. मराठी प्रवासवर्णनाने निघण्यापूर्वीच्या वेळाला एके काळी चांगला मान दिला होता. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'त निघण्याआधीच्या तयारीच्या गमती वाचकाला अजून आठवतात. त्याहून मागे गेलो तर विष्णुभट गोडसे आहेत. ते वरसईहून निघाले ते ग्वाल्हेरीकडे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून. वाटेत सत्तावनचा उठाव आडवा आला. ठरवलेले मुक्कामाचे ठिकाण बाजूला राहिले, आणि मध्येच जे दिसले त्याचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ झाला, जो १९०७ साली छापला गेला. मधल्या वेळाने मुख्य कार्यक्रमाला गिळून टाकल्याचे ह्याहून मोठे उदाहरण मराठीत नसावे. त्यांनी जे पाहिले त्यातले बरेच धावताना, लपताना पाहिलेले आहे. पण आपण कोठे उभे राहून काय पाहिले, हे ते सांगतात, म्हणून त्या पुस्तकावर विश्वास बसतो.

सहलकंपन्यांच्या काळात लिहिल्या गेलेल्या बऱ्याच प्रवासलेखनात हा उभे राहण्याचा पत्ता हरवलेला दिसतो. बसच्या काचेतून पाहिलेले चर्च आणि तासभर आत बसून पाहिलेले चर्च ह्यांची वर्णने एकाच सुरात, एकाच आकाराच्या परिच्छेदांत येतात. वाचकाला फरक कळू नये, अशी जणू काळजी घेतलेली असते. स्थळाचा इतिहास मार्गदर्शकाच्या तोंडून येतो, भावना ठरलेल्या शब्दांत येते, आणि लेखकाला तेथे किती मिनिटे मिळाली हे मात्र येत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ती मिनिटे लिहावीत. "आम्ही हे काचेतून पाहिले" हे वाक्य लिहिण्याने कोणतेही प्रवासवर्णन लहान होत नाही. उलट त्यानंतर येणाऱ्या "येथे आम्ही थांबलो" ह्या वाक्याला वजन येते.

दुसरे असे, की आपले प्रवासलेखन पलीकडच्या किनाऱ्यावर सुरू होते. अलीकडचा किनारा, म्हणजे आपण जेथून निघतो तो धक्का, ते स्थानक, तो फलाट, हा जणू मजकुराबाहेरचा भाग. पण माणूस आपल्याच मुलखाकडे परक्याच्या नजरेने पाहू शकतो असे क्षण थोडे असतात, आणि निघण्यापूर्वीचे काही तास हे त्यांपैकी आहेत. सामान बांधलेले असते, घरची कुलपे लागलेली असतात, कर्तव्ये दोन दिवसांपुरती स्थगित असतात. ह्या अवस्थेत काकूंना पन्नास वर्षांनी धक्का दिसला. आम्हांलाही काकू दिसल्या, हे त्याहून विशेष.

त्या रात्री जहाज दक्षिणेकडे जात असताना काकू डाव्या बाजूच्या कठड्याशी बराच वेळ उभ्या होत्या. किनारा त्या बाजूला. दूर कोठे दिवे दिसत, मग काही दिसत नसे. "जयगड गेलं का?" असे त्यांनी दोनदा विचारले. आम्हांला सांगता येईना. जळोचीला परतल्यावर शेजारणीने विचारले, "काकू, काय काय पाहिलंत मुंबईत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "धक्का पाहिला. ओळखीचा नव्हता राहिला, पण पाहिला." बाकीच्या पाच स्थळांचा त्यांनी उल्लेख केला नाही. आम्ही मात्र तोवर गेटवेचे फोटो सगळ्यांना पाठवून चुकलो होतो.

ह्या सत्रात आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवासवर्णनाचा स्वाध्याय देताना एक बदल केला आहे. पूर्वी आम्ही 'मी केलेली सहल' असा विषय देत होतो, आणि त्याच त्या महाबळेश्वरच्या तीस वह्या तपासत होतो. आता सांगितले आहे की बारामतीच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना जो वेळ मिळतो, त्यात एकच गोष्ट पाहा आणि तिच्याविषयी लिहा. किती मिनिटे पाहिली, कोठून पाहिली आणि काय विचारायचे राहून गेले, तेही लिहा. वह्या पुढच्या आठवड्यात येतील.